शिवणीतली माया

मागच्या माघात आमच्या गंगाखेडला गोदाकाठी सप्ताह बसला होता. पाचव्या दिवशी कीर्तनात महाराजांनी कपड्यांचा विषय काढला. फाटक्या पँटी, उघडे खांदे, दर महिन्याला नवी तऱ्हा. ही सगळी माया आहे, देहाला सजवणारा देवाला विसरतो, असं ते तळमळीनं सांगत होते. मंडपात माझ्या शेजारी नात बसली होती. बारावीला आहे. फॅशन डिझाईन शिकायचं तिनं ठरवलंय, आणि त्याच दुपारी तिनं मला प्रवेश परीक्षेची माहिती वाचून दाखवली होती. कीर्तनभर ती काही बोलली नाही. परत येताना घाटाच्या पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, "आबा, मी जे शिकायचं म्हणते ते पाप आहे का?"

मी पंचावन्न वर्षं शिवणाच्या मशीनवर बसतोय. आमच्या घरात चार पिढ्यांनी दुसरं काही केलं नाही. तरी त्या पायरीवर मला लगेच उत्तर देता आलं नाही. तेव्हा जे सुचलं नाही, ते आता लिहितो आहे.

महाराजांच्या तोंडचा 'माया' हा शब्द मला रात्रभर झोपू देईना, कारण तो आमच्या धंद्यातलाही शब्द आहे. कापड बेतताना शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचं कापड आत दडवून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतो. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कात्री हातात देण्याआधी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच: माया सोडल्याशिवाय कापू नये. माया नसेल तर शिवण पहिल्याच धुण्यात उसवते. आणि माया भरपूर असेल तर पोरगी वाढली, बाई बाळंतपणानंतर सुटली, म्हातारा वाळला, तरी तोच कपडा उसवून पुन्हा अंगाजोगता करता येतो. ही माया बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाईक तिचे पैसे वेगळे देत नाही. माणूस आज जेवढा आहे तेवढाच उद्या राहणार नाही, हे शिंप्याला ठाऊक असल्याची ती खूण आहे.

वेदान्तात मायेचा अर्थ भास. आईच्या तोंडी मायेचा अर्थ जीव लावणं. आणि आमच्या पाटावर मायेचा अर्थ इंचभर जास्तीचं कापड. एकाच शब्दात हे तिन्ही अर्थ आपल्या भाषेनं का ठेवले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. महाराजांनी पहिला अर्थ सांगितला. नातीला मला उरलेले दोन सांगायचे होते.

फॅशन आत्ता आली असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा दादा शेरवानी शिवायला शिकले. कचेरीतला माणूस शेरवानी आणि रुमी टोपीशिवाय बाहेर पडत नसे. गळ्याची ती उभी पट्टी ताठ बसवणं हीच कारागिराची परीक्षा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि दोन वर्षांत दादांच्या दुकानातला गळा बदलला. खादीचा नेहरू शर्ट आला, पांढरी टोपी आली. तेच लोक, तीच अंगं. काही जणांनी जुन्या शेरवान्या उसवून पोरांसाठी कोट करून घेतले. माया होती म्हणून ते जमलं. पुढे माझ्या तरुणपणी बेलबॉटम आला आणि म्हातारी माणसं महाराजांसारखंच बोलू लागली. राजवट बदलते, सिनेमा बदलतो, गळे आणि घेर बदलतात. यात देवाला विसरण्यासारखं मला काही दिसलं नाही.

पण एक गोष्ट मला लहानपणापासून बोचत आली आहे. पूजेला सोवळं लागतं आणि सोवळं म्हणजे न शिवलेलं वस्त्र. धोतर, उपरणं, कद. शिवलेला सदरा घालून गाभाऱ्यात जाऊ नये ही जुनी रीत. हजला जाणारे माझे शेजारी एहराम बांधतात, तोही बिनशिलाईचा. बाळ जन्मतं तेव्हा त्याला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतात, आणि शेवटी अंगावर घालतात तेही कापड, कपडा नव्हे. म्हणजे येताना, जाताना आणि देवापुढे उभं राहताना माणसाला शिंपी लागत नाही. जिंतूरजवळ नेमगिरीला दिगंबर जैनांची गुहामंदिरं आहेत. तरुणपणी एकदा तिथं गेलो होतो. त्या मूर्तींपुढे उभा राहिलो आणि मनात आलं, इथं माझ्या हाताला काही काम नाही. मला अपमान वाटला नाही. उलट फार शांत वाटलं. ज्याला काहीच झाकायचं उरलं नाही त्याच्यापुढे शिंप्यानं गज खाली ठेवावा, हे योग्यच आहे.

तरी याच जिल्ह्यात परभणीला तुराबुल हक साहेबांच्या उरुसाआधी लोक चादरीला गोटा लावून घ्यायला येतात, हिंदूही येतात, मुसलमानही. आणि पंढरपूरला विठ्ठलाला रोज पोशाख होतो. देवाला कापड लागत नाही, हे सगळ्यांना कळतं. तरी माणसाला देवाच्या अंगावर काहीतरी घालावंसं वाटतं. त्या वाटण्याला मी भास म्हणू शकत नाही.

आता जनाबाईंची गोष्ट. त्या आमच्या गावच्या. गंगाखेडला जन्मल्या, लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी दासी म्हणून गेल्या. दामाशेटींचं घर शिंप्याचं. त्यांचे चिरंजीव नामदेव १२७० साली जन्मले, आमच्याकडे सांगतात त्याप्रमाणे नरसी बामणीला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी नरसी परभणी जिल्ह्यातच होतं. म्हणून मी नातीला सांगतो, महाराष्ट्रातल्या भक्तीचा एक मोठा धागा आपल्याच जिल्ह्यातल्या शिंप्याच्या सुईत ओवला गेला. नामदेव पुढे पंजाबात घुमानला राहिले; गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात आमचीच हत्यारं, गज, कात्री, सुई, दोरा, भक्तीची साधनं होऊन येतात. त्यांनी धंदा वाईट म्हणून टाकला असता, तर देवाशी बोलताना ती त्यांना आठवली नसती.

जनाबाईंची गोष्ट अशी सांगतात: विठ्ठल रात्री जनाबाईंकडे आले, दळू लागले, तिथंच झोपले. पहाटे काकड्याची वेळ झाली तसे गडबडीत उठले. त्यांचा शेला आणि गळ्यातलं पदक तिथंच राहिलं, आणि जनाबाईंची वाकळ पांघरून ते देवळात जाऊन उभे राहिले. पदक हरवल्याचा बोभाटा झाला. ते जनाबाईंच्या झोपडीत सापडलं. चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात सुळाचं पाणी झालं.

कीर्तनात या गोष्टीचा भर सुळावर असतो. मी शिंपी आहे, माझं लक्ष वाकळेवर जातं. पुजाऱ्यांना हरवलेलं सोनं दिसलं. देवाच्या अंगावर आलेलं कापड कुणी नीट पाहिलं असेल? वाकळ कशी होते ते आमच्या बायांना विचारा. लुगडं विरलं की त्याचा परकर होतो, परकर फाटला की बाळाचं दुपटं, आणि शेवटी सगळ्या चिंध्या थरावर थर रचून हातभर दोऱ्यानं घालत नेलेले टाके. त्या वाकळेत जनाबाईंचं आयुष्य होतं, आणि बहुधा दामाशेटींच्या दुकानातल्या चिंध्याही होत्या. शेला विणला जातो श्रीमंतासाठी. वाकळ घडते घरातल्याच जुन्या अंगांवरून. देवानं अदलाबदल केली ती चुकून केली, असं मला वाटत नाही.

गीतेत देहाला जुन्या वस्त्राची उपमा आहे. माणूस जीर्ण वस्त्र टाकतो तसा आत्मा देह टाकतो. नम्रपणे सांगतो, आमच्या घरात जीर्ण वस्त्र कुणी टाकलेलं मी पाहिलं नाही. १९७२ च्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांचा होतो. वर्षभर नवं कापड दुकानात आलं नाही. खडी फोडायला जाणारी माणसं संध्याकाळी ठिगळ लावून घ्यायला यायची. दादा ठिगळाचे पैसे घेत नसत. पण ठिगळाचा रंग जुळेपर्यंत ते चिंध्यांचं गाठोडं उपसत बसायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, खडीवर कोण बघतंय. ते म्हणाले, "ज्याच्या अंगावर आहे तो बघतो." जगण्याचं सगळं हिरावलं गेलेल्या माणसाला नीट दिसावंसं वाटतं, ही देहाची हाव नाही. तो त्याचा मान आहे. फॅशन या शब्दाच्या तळाशी मला तो मान दिसतो.

दादांची मापाची वही अजून माझ्याकडे आहे. मोंढ्यातल्या एका हमालाच्या मापापुढे त्यांनी लिहिलंय: उजवा खांदा अर्धा इंच खाली. पोती वाहून खांदा दबला होता. दादा त्याचा सदरा त्या अर्ध्या इंचाच्या हिशोबानं कापायचे, म्हणून तो अंगावर सरळ पडायचा. त्या हमालाला हे कधीच कळलं नाही. मी विठ्ठलाच्या देवळात पुष्कळ वेळ उभा राहिलो आहे, पण भक्ती म्हटलं की मला वहीतली ती ओळ आठवते.

रेडिमेडवर माझा राग नाही. त्यानं गरिबाला स्वस्तात धड कपडा मिळाला. पण एम, एल, एक्सएल या खुणांमध्ये तो अर्धा इंच कुठेच बसत नाही. कपडा अंगाला आला नाही तर पूर्वी शिंपी चुकायचा, आता अंग चुकतं. पोरी दुकानातल्या आरशापुढे स्वतःलाच दोष देतात. आणि आतून पाहाल तर शिवणीत माया नाही. कापड वाचवायचं म्हणून मशीननं कड तासून टाकलेली असते. उसवून मोठं करायची सोय नाही, म्हणून तो कपडा वाढत्या अंगाबरोबर चालत नाही, टाकला जातो. महाराजांनी ज्याला माया म्हटलं, ते खरं तर माया संपल्याचं लक्षण आहे.

माझा एक पुतण्या परराज्यातल्या कारखान्यात आठ वर्षं होता. आठ वर्षं त्यानं फक्त शर्टाचा खिसा लावला. हात तयार झाला, पण पूर्ण शर्ट त्याला येत नाही, आणि तो खिसा कुणाच्या छातीवर गेला हे त्याला कधी दिसलं नाही. त्याच्याकडून ऐकल्यावर मला २४ एप्रिल २०१३ चा दिवस समजला. त्या दिवशी ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारी माणसं होती. ११३४ जण मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते, तरी सकाळी त्यांना आत पाठवलं. मला वाटतं, पाप विचारायचं तर इथं विचारावं. तोकड्या बाहीत ते शोधू नये.

आणि त्याही आधीची साखळी आमच्या शेतातून सुरू होते. मानवत, सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. क्विंटलभर कपाशीतून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, उरते ती सरकी. वेचणी बायाच करतात, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र पॉलिस्टरचं पातळ असतं. मी एकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लवकर वाळतं, चुरगळत नाही, फुलं चांगली असतात. तिचं म्हणणं खरं आहे. तिला सुताचं महत्त्व शिकवायला मी जाणार नाही. पण तिला लवकर वाळणारं, उन्हात न चिकटणारं आणि तिच्या आवडीच्या फुलांचं सुती पातळ कुणी अजून दिलं नाही, हे काम मात्र कुणीतरी करायला हवं.

नातीनं जे शोधून ठेवलं होतं त्यात यासाठी जागा आहे, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. मला वाटायचं फॅशन म्हणजे रॅम्पवर चालणं. तिनं सांगितलं, पॅटर्न मेकर असतो, म्हणजे आमचा कटिंग मास्तर. टेक्स्टाईल डिझायनर असतो, त्याला कापडावरची फुलं ठरवायची असतात. मर्चंडायझर गिऱ्हाइकाची मागणी, कापड, नमुना आणि तारीख यांची गाठ घालतो. कारखान्यातली गुणवत्ता तपासणारी माणसं असतात, सिनेमा-नाटकाचे पोशाख करणारी असतात. खारघरला निफ्ट आहे. ती संस्था १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. तिथं चित्रकलेइतकंच हातानं वस्तू घडवून दाखवणंही बघतात. पण परभणीतच, १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्र आणि परिधान हा विषय शिकवतात, आणि त्याच विद्यापीठात देशी कापसावर संशोधन चालतं. आयटीआयमध्ये वर्षभराचे शिवणाचे कोर्स आहेत. ज्या घरात पैसा नाही त्यांनी तिथून सुरुवात करायला मुळीच लाजू नये. हात आधी तयार झाला तर डोकं मागून येतं, असा माझा अनुभव आहे.

मी तिला एकच नाव सांगितलं, भानू अथैया यांचं. कोल्हापूरची मुलगी, माहेरची राजोपाध्ये, जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेली. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारताचं पहिलं. हे पारितोषिक कशासाठी मिळालं याचा विचार कर, असं मी म्हणालो. ज्या माणसानं २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला, गरिबाच्या अंगावर आहे तेवढंच माझ्याही अंगावर असेल असं ठरवून पंचा नेसला, त्याची ती गोष्ट. बॅरिस्टरच्या कोटापासून पंचापर्यंत. कपडा उतरत जाताना माणूस कसा मोठा होत जातो, हे दाखवायलाही कपड्याची जाण असलेलं कुणीतरी लागलंच.

तिनं हे शिकावं याला अजून एक कारण आहे, आणि तेच मला सगळ्यांत मोठं वाटतं. पंचावन्न वर्षांत मी एकाही बाईचं माप घेतलेलं नाही. आमच्याकडे पुरुष शिंपी बाईच्या अंगाला टेप लावत नाही. बाई मापाचं झंपर आणून देते, आम्ही त्यावरून नवं बेततो. ते जुनं झंपर अजून कुठल्या तरी जुन्या झंपरावरून बेतलेलं. पहिल्यात मुंढा चुकला असेल तर ती चूक वीस-तीस वर्षं तशीच चालत येते. लेकरं झाली, पाठ वाकली, कापूस वेचून एक बाजू उतरली, तरी माप लग्नातलंच. बाया म्हणतात, काखेत काचतंय, पण चालतंय. नरहरी सोनारांची गोष्ट आहे ना. विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून दुसऱ्यानं आणलेल्या मापावर ते करगोटा घडवत राहिले, आणि तो कधी आखूड झाला, कधी सैल. शेवटी स्वतः जाऊन हातानं चाचपावं लागलं, तेव्हा देव कळला. आमच्या गावातल्या बायांना अजून कुणी चाचपून पाहिलं नाही. माझ्या नातीला ते करता येईल. मला कधीच करता आलं नसतं.

म्हणून घाटाच्या पायरीवरच्या प्रश्नाला मी आठ दिवसांनी उत्तर दिलं. पाप नाही, बाई. फॉर्म भर.

तिनं फॉर्म भरला. नंतर तिनं माझी टेप मागून घेतली आणि त्या पॉलिस्टरच्या पातळवाल्या मावशींकडे गेली. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची छाती, खांदा, मुंढा, दंड मोजला. वयाची पंचावन्न उलटलेली ती बाई मोजून होईपर्यंत हात वर धरून उभी होती, आणि मधेच रडली, असं नात सांगत होती. दादांच्या वहीत नातीनं तिचं माप लिहिलंय: डावा खांदा पाऊण इंच खाली. झंपर परवा शिवून झालं. मी ते हातात घेऊन आधी उलटं केलं. बगलेच्या दोन्ही शिवणींत इंच-इंच माया आहे.